आधी घड्याळ, मग पातळी, शेवटी इंडिकेटर: निफ्टी आणि क्रूड फ्युचर्सचं छोट्या मुदतीचं चार्टवाचन

निफ्टी फ्युचर्सचा, म्हणजे निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, बाजार सकाळी सव्वानवाला उघडतो. एमसीएक्स या कमोडिटी बाजारातलं क्रूड (कच्चं तेल) नवालाच सुरू होतं, पण त्यात जीव येतो तो संध्याकाळी. सकाळी अकरा वाजता निफ्टीत दिसलेला ब्रेकआउट (भावाने पातळी तोडणं) आणि त्याच वेळी क्रूडमध्ये दिसलेला ब्रेकआउट स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात. तरी पहिल्यामागे देशभरातले खरेदीदार-विक्रेते उभे असतात आणि दुसऱ्यामागे बऱ्याचदा कोणीच नसतं. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली, आणि तेवढ्यासाठीच हा लेख लिहितोय.

एक आकडा आधीच समोर ठेवतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात निघाले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. चार्ट वाचता आला म्हणून या आकड्यातून आपोआप सुटका होत नाही. तोटा किती आणि कुठे होऊ द्यायचा हे चार्टवरून आधी ठरवता येतं. छोट्या मुदतीच्या चार्टचा खरा उपयोग मी एवढाच मानतो.

पहिली पायरी: बाजाराचं घड्याळ भिंतीवर लावा

कागदावर दिवसाचे तास लिहा आणि त्यापुढे कोणता बाजार कधी जागा असतो ते मांडा. निफ्टीचं असं: सव्वानऊ ते साडेनऊ ही वेळ रात्रभर साठलेल्या ऑर्डरी निकाली निघण्याची. या पंधरा मिनिटांत मी सौदा करत नाही, फक्त उच्चांक आणि नीचांक टिपतो. साडेनऊ ते अकरा पहिली खरी चाल. बाराच्या पुढे बाजार सुस्तावतो आणि या वेळातले ब्रेकआउट फार फसवतात. लंडनचा बाजार उन्हाळ्यात आपल्या साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला उघडतो, तेव्हा थोडी हालचाल होते. अडीचनंतर पुन्हा वेग येतो. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर दिवसापुरत्या पोझिशन (उघडे सौदे) आपणहून कापायला लागतात, त्यामुळे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतल्या कॅन्डलवरून (ठरावीक मिनिटांतले उघड, उच्च, नीच आणि बंद भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या खुणेवरून) काही अर्थ काढू नका.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा दिवस असेल तर सकाळी दहापर्यंत हात बांधून बसायचं. एक्स्पायरीचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची मुदत संपण्याचा, दिवसही वेगळा. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी आली, त्यामुळे जुन्या चार्टवर 'गुरुवारी असं होतं' म्हणून शोधलेले ठोकताळे आता बाद समजा.

क्रूडचं घड्याळ अमेरिकेच्या काट्यावर चालतं. तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, आपल्याकडे नाही. म्हणून एमसीएक्सचा बाजार अमेरिकी उन्हाळ्यात रात्री साडेअकराला बंद होतो आणि हिवाळ्यात ११.५५ ला. महागाई आणि रोजगाराचे अमेरिकी आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहाला येतात, हिवाळ्यात सातला. तेलसाठ्याचा साप्ताहिक अहवाल बुधवारी रात्री आठला, हिवाळ्यात नऊला. नैसर्गिक वायूच्या साठ्याचा गुरुवारी, याच वेळी. सोमवारी अमेरिकेत सुट्टी आली की तेलाचा अहवाल बहुतेक वेळा गुरुवारी सरकतो.

मार्चमधल्या एका बुधवारी मी क्रूड मिनीत (क्रूडच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टमध्ये) खरेदी करून बसलो होतो. अहवाल नवाला, हे डोक्यात पक्कं. साडेआठला सौदा कापायचा असं वहीत लिहूनही ठेवलं होतं. आठ वाजता जेवायला उठलो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे गेली होती आणि अहवाल आठलाच आला. परत येऊन पाहतो तर भाव माझ्या स्टॉपलॉसच्या (तोटा थांबवायला आधीच लावलेल्या ऑर्डरच्या) बराच खाली, आणि ऑर्डर अजून तशीच उभी. कारण ऑर्डर जागी करणारा ट्रिगरचा भाव आणि ज्याच्या खाली विकायचं नाही तो मर्यादेचा भाव यांत मी फक्त दोन रुपयांचं अंतर ठेवलं होतं. भाव ते दोन रुपये ओलांडून थेट खाली गेला आणि ऑर्डर लागलीच नाही. ठरवलं होतं त्याच्या चौपट तोटा झाला. तेव्हापासून मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार माझ्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेला असतो, आणि क्रूडच्या स्टॉपलॉसमध्ये दोन भावांतलं अंतर निदान दहा-पंधरा रुपयांचं असतं.

दुसरी पायरी: एका रुपयाला किती रुपये?

पातळ्यांकडे जाण्याआधी हा हिशोब तोंडपाठ हवा. क्रूडचा मोठा लॉट (एका कॉन्ट्रॅक्टमधला माल) १०० बॅरलचा, म्हणजे भाव एक रुपया हलला की तुमचे शंभर रुपये हलतात. मिनीत दहा बॅरल, म्हणून दहा रुपये. सोन्याच्या मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव दहा ग्रॅमचा, म्हणजे एका रुपयाला दहा रुपये. नैसर्गिक वायूचा मोठा लॉट १,२५० एककांचा, तिथे एक रुपया म्हणजे साडेबाराशे. नवख्या माणसाला सगळ्यात लवकर रिकामं करणारा सौदा तोच. निफ्टीचा लॉट एक्सचेंज बदलत असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ चा ७५ झाला. पुढचा हिशोब ७५ धरून केलाय, तुम्ही आपल्या कॉन्ट्रॅक्टवरचा चालू आकडा घाला.

समजा, भांडवल पाच लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त तोटा तीन हजार, म्हणजे भांडवलाच्या ०.६ टक्के. मग निफ्टीच्या एका लॉटमध्ये स्टॉपलॉस ४० अंकांचा बसतो. क्रूडच्या मोठ्या लॉटमध्ये ३० रुपयांचा, सोन्याच्या मिनीत ३०० रुपयांचा, नैसर्गिक वायूत २ रुपये ४० पैशांचा. हे चार आकडे स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवा.

आता खरा प्रश्न येतो. चार्टला जिथे स्टॉपलॉस हवाय ती जागा या अंतरात बसते का? बसत नसेल तर लहान लॉट घ्या, नाहीतर सौदा सोडा. स्टॉपलॉस ओढूनताणून जवळ आणू नका, कारण बाजाराच्या नेहमीच्या हेलकाव्यातच तो उडेल. हेलकावा किती ते मोजायला एटीआर आहे. जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे माप शेवटच्या चौदा कॅन्डलची सरासरी झेप सांगतं. पंधरा मिनिटांच्या चार्टवर एटीआर ३५ अंक असेल आणि तुम्ही स्टॉपलॉस २० अंकांवर लावला असेल, तर तुम्ही दिशेवर पैज लावलेली नाही, नशिबावर लावली आहे. मी निदान एक एटीआर अंतर ठेवतो.

इंडिया व्हिक्स या अपेक्षित चढउताराच्या निर्देशांकाकडेही सकाळी एकदा पाहा. त्या आकड्याला १६ ने भागलं की दिवसभरात साधारण किती टक्के हालचाल बाजार गृहीत धरतोय ते कळतं. व्हिक्स १५ असेल आणि निफ्टी २५,००० वर, तर सुमारे ०.९४ टक्के, म्हणजे २३५ अंकांच्या आसपास. बाजार आधीच २२० अंक चढून गेलाय आणि तुम्ही नव्याने खरेदी करताय, तर उरलेल्या वाटेत काय मिळणार हे स्वतःला विचारा.

तिसरी पायरी: पातळ्या आदल्या रात्री आखा

कालचा उच्चांक, कालचा नीचांक, कालचा बंद भाव आणि आठवड्याचे उच्च-नीच एवढ्या रेषा पुरतात. त्यात पिव्होटची, म्हणजे कालच्या तीन भावांच्या सरासरीची, भर घालतो. समजा, कालचा उच्चांक २५,१२०, नीचांक २४,९४० आणि बंद २५,०६०. तिन्हींची बेरीज ७५,१२०, भागिले तीन, पिव्होट २५,०४०. पिव्होटची दुप्पट ५०,०८०. त्यातून नीचांक वजा केला की पहिला अडथळा २५,१४०, उच्चांक वजा केला की पहिला आधार २४,९६०. पिव्होटमध्ये कालची १८० अंकांची झेप मिळवली की दुसरा अडथळा २५,२२०. हे आकडे हाताने काढा. सॉफ्टवेअर काढून देतं, पण हाताने काढलेली पातळी बाजार चालू असताना डोक्यात राहते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक म्हणजे निफ्टी निर्देशांकाच्या चार्टवर व्हीडब्ल्यूएपी (वॉल्यूम, म्हणजे झालेली उलाढाल, धरून काढलेला दिवसाचा सरासरी भाव) लावणं. निर्देशांक हा नुसता हिशोब आहे, त्याची कोणी खरेदी-विक्री करत नाही, म्हणून त्याला स्वतःचं वॉल्यूमही नाही. व्हीडब्ल्यूएपी नेहमी फ्युचरच्या चार्टवर लावा. फ्युचर आणि निर्देशांक यांत प्रीमियमचा फरक असतो, त्यामुळे पातळ्याही ज्याचा सौदा करणार त्याच्याच चार्टवरून घ्या. दुसरी चूक कमोडिटीत होते: महिने जोडून केलेल्या सलग चार्टवर रेषा आखणं. एका महिन्याचा कॉन्ट्रॅक्ट संपून पुढचा सुरू होतो तिथे भावात फट पडते, आणि ती फट पाहून माणूस आधार किंवा अडथळा समजतो. बाजारात तिथे काहीच घडलेलं नसतं. रेषा चालू महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टवर आखा.

सकाळी गिफ्ट निफ्टी (आपल्या बाजाराआधी सुरू होणारं निफ्टीचंच फ्युचर) पाहून बाजार वर उघडेल की खाली याचा अंदाज येतो. जुलै २०२३ पर्यंत हा सौदा सिंगापूरला चालायचा, आता गुजरातच्या गिफ्ट सिटीत चालतो. त्यावरून फक्त एवढं ठरवा की बाजार कालच्या झेपेच्या आत उघडणार की बाहेर. आत उघडला तर पातळीवरून उलटण्याचे सौदे जास्त चालतात. बाहेर उघडून बाहेरच टिकला तर चालीच्या दिशेने जायचं.

चौथी पायरी: एक सौदा जवळून

वरच्याच आकड्यांवर एक कल्पित दिवस घेऊ. फ्युचर २५,०९८ ला उघडला. पहिल्या पंधरा मिनिटांत उच्चांक २५,१३०, नीचांक २५,०७२. कालचा उच्चांक २५,१२० आणि पहिला अडथळा २५,१४० इथेच आसपास आहेत. म्हणजे वीस अंकांच्या पट्ट्यात तीन रेषा एकत्र आल्या. तीन रेषा जमतात तिथे दोन्ही बाजूंच्या ऑर्डरीही जमतात.

९.४० ला भाव २५,१३८ ला शिवून येतो. घाईचा माणूस इथे घेतो. आपण नाही. आपल्याला पंधरा मिनिटांचा एक पूर्ण कॅन्डल २५,१४० च्या वर बंद झालेला हवाय. दहा वाजता तो मिळतो, बंद २५,१५२. तरीही लगेच घ्यायचं नाही. या वेळात मी एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स पाहतो. या तिघांचं मिळून निफ्टीतलं वजन चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे. तिघांतले दोन तरी आपापल्या सकाळच्या उच्चांकावर नसतील तर निफ्टीचं वर जाणं पोकळ असतं.

आता भाव परत खाली येतो. २५,१३०, मग २५,१२२. व्हीडब्ल्यूएपी या वेळी २५,१०८ वर आहे. पाच मिनिटांच्या चार्टवर एक कॅन्डल तयार होतो: खाली लांब शेपटी, बंद वरच्या टोकाजवळ, उच्चांक २५,१३३. वॉल्यूम आधीच्या उतरत्या कॅन्डलपेक्षा जास्त. याचा अर्थ ज्या पातळीला सकाळी विक्रेते होते तिथे आता खरेदीदार उभे राहिले. या कॅन्डलच्या उच्चांकावर, २५,१३५ ला खरेदी. स्टॉपलॉस २५,०९५, म्हणजे शेपटीच्या आणि व्हीडब्ल्यूएपीच्याही खाली. अंतर ४० अंक, तोटा तीन हजार, एटीआरपेक्षा थोडं जास्त. लक्ष्य दुसरा अडथळा, २५,२२०, म्हणजे ८५ अंक. तोट्याच्या दुपटीहून जास्त मिळण्याची शक्यता आहे, म्हणून सौदा करण्याजोगा. तो मिळेलच असं नाही.

घेतल्यावर दोनच गोष्टी करायच्या. भाव ४० अंक वर गेला की स्टॉपलॉस खरेदीच्या भावावर आणायचा. आणि पंधरा मिनिटांचा कॅन्डल पुन्हा २५,१२० च्या खाली बंद झाला तर स्टॉपलॉसची वाट न पाहता बाहेर पडायचं, कारण ज्या कारणासाठी आपण आत गेलो ते कारण संपलं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त जड जाते. स्टॉपलॉस लागला तर हात आपोआप सुटतो, इथे तो स्वतः सोडावा लागतो.

खर्चाचाही हिशोब इथेच करा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्युचर विक्रीवरचा एसटीटी (रोखे व्यवहार कर) ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. त्या दरानेसुद्धा या सौद्याची विक्री सुमारे १८.९ लाखांची, कर ३७५ रुपयांच्या आसपास, म्हणजे पाच अंक. दलाली आणि बाकी शुल्क वेगळं. हा दर अर्थसंकल्पात बदलतो, तेव्हा चालू दराने मोजा. दहा-दहा अंकांसाठी दिवसातून आठ सौदे करणाऱ्याचा निम्मा नफा किंवा त्याहून जास्त इथेच जातो, दिशा बरोबर असूनसुद्धा.

पाचवी पायरी: ओपन इंटरेस्ट आणि इंडिकेटर

ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांची संख्या. भाव वर आणि ओपन इंटरेस्टही वर, तर नवे खरेदीदार येतायत. भाव वर पण ओपन इंटरेस्ट खाली, तर मंदीवाले आपले सौदे कापतायत. अशी तेजी वेगाने येते आणि तेवढ्याच वेगाने विरते. भाव खाली, ओपन इंटरेस्ट वर, तर नवी मंदी. दोन्ही खाली, तर तेजीवाले बाहेर पडतायत. एक्स्पायरीच्या आठवड्यात मात्र चालू महिन्याचा ओपन इंटरेस्ट रोलओव्हरमुळेच (सौदे पुढच्या महिन्यात नेल्यामुळे) घटतो, तेव्हा पुढच्या महिन्याचा मिळवून पाहा.

आरएसआय (भावाच्या चालीचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा इंडिकेटर) मी फक्त एका कामाला वापरतो: भावाने नवा उच्चांक केला पण आरएसआयने केला नाही, तर नवी खरेदी करायची नाही. ७० च्या वर गेला म्हणून विकणं हा जोरदार चालीच्या दिवशी सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे. बाकी इंडिकेटरबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही.

क्रूडला हीच पद्धत, काही बदल करून

पहिल्या पंधरा मिनिटांऐवजी क्रूडमध्ये संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाचा पट्टा आखा आणि तो कुठल्या बाजूने फुटतो ते पाहा. सकाळपासूनचा व्हीडब्ल्यूएपी इथे फार कामाचा नाही, कारण दिवसभराचं वॉल्यूम विरळ असतं. एमसीएक्सचा भाव म्हणजे न्यूयॉर्कचा डॉलरमधला भाव गुणिले रुपयाचा दर. रुपया घसरला की न्यूयॉर्कमध्ये काही न होता आपल्या चार्टवर ब्रेकआउट दिसतो. न्यूयॉर्कचा चार्ट शेजारी उघडा ठेवा आणि दोन्हीकडे पातळी तुटली तरच हात घाला. बुधवारी अहवालाच्या पंधरा मिनिटं आधी पोझिशन शून्य. अहवालानंतरचा पहिला पंधरा मिनिटांचा कॅन्डल पूर्ण होऊ द्यायचा, त्याचे उच्च-नीच हाच रात्रीचा नवा पट्टा.

एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातल्या हळदीला हे चालेल का, असं सांगली-हिंगोलीकडचे मित्र विचारतात. पाच-पंधरा मिनिटांच्या चार्टवर नाही चालत. तिथे खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतरच मोठं असतं आणि चाल ठरते ती आवक, पाऊस आणि पेऱ्याच्या बातमीवर. दिवसाचा चार्ट पाहा, मोठा स्टॉपलॉस आणि लहान सौदा ठेवा. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे तर सेबीने २०२१ मध्ये थांबवले; लातूरच्या व्यापाऱ्याला भाव झाकून घ्यायला असलेलं ते साधन तेव्हाच गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रात्रभर पोझिशन ठेवायची का?

४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांवर निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३.९० ला बंद झाला होता. चार्ट सुंदर दिसत होता, नवा उच्चांक, मोठा हिरवा कॅन्डल. दुसऱ्या दिवशी बंद २१,८८४.५०, जवळपास ६ टक्के खाली. तारीख ठरलेल्या घटनेच्या आदल्या रात्री चार्टवरची कुठलीही आकृती निरुपयोगी असते.

आणि २० एप्रिल २०२०. लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं. त्या दिवशी एप्रिलच्या क्रूडची एक्स्पायरी होती. आपला बाजार बंद झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये भाव शून्याच्या खाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर दिवस संपला. एमसीएक्सने एप्रिलचा कॉन्ट्रॅक्ट उणे २,८८४ रुपयांना निकाली काढला. हजार रुपयांना एक मोठा लॉट घेऊन ठेवलेल्या माणसाचा माल सगळा मिळून एक लाखाचा होता; त्याचं नुकसान झालं ३,८८,४०० रुपये. स्टॉपलॉस लावला असता तरी तो चालवायला बाजारच उघडा नव्हता. म्हणून क्रूडचा कॉन्ट्रॅक्ट मी एक्स्पायरीच्या चार-पाच दिवस आधी सोडतो आणि पुढच्या महिन्यात जातो. सोन्या-चांदीत तर शेवटच्या दिवसांत प्रत्यक्ष मालाची देणीघेणी आणि वाढीव मार्जिन (अनामत) लागतं, तिथे आणखी आधी.

रात्री वहीत काय लिहायचं

प्रत्येक सौद्याला एक ओळ: वेळ, पातळी, घेतलेला भाव, स्टॉपलॉस, सुटलेला भाव, आणि आत जाण्याचं कारण चार शब्दांत. नफा-तोटा रुपयांत लिहू नका, ठरवलेल्या तोट्याच्या पटीत लिहा: तीन हजार ठरवले आणि सहा मिळाले तर अधिक दोन, चार गेले तर उणे १.३. पन्नास ओळी झाल्या की वेळेचा रकाना धरून बेरीज करा. माझ्या वहीत बारा ते दीडच्या मधल्या सौद्यांची बेरीज सतत उणे यायची, आणि मी ते सौदे बंद केले तेव्हा बाकी पद्धतीत एका अक्षराचाही बदल केला नव्हता.